आंधळ्या म्हाताऱ्याचा सीन

मागच्या अंकात मी गिएर्मो देल तोरोच्या २०२५च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’वर दीड पान लिहिलं आणि जाता जाता म्हटलं, की याच कथेवरचे जुने सिनेमे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. चोपड्यापासून साक्रीपर्यंत पत्रं आली. काहींनी बघून लिहिलंय, काहींनी न बघता भांडण काढलंय. दोन्ही चालतं.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा एका दमात सांगते. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा जिनिव्हाचा मुलगा. शिकायला जर्मनीत इंगोलश्टाटला जातो, मेलेल्या शरीरांचे तुकडे जोडून एक जीव तयार करतो, आणि त्याने डोळे उघडताच घाबरून पळून जातो. तो जीव एकटा भटकतो, लपून-छपून बोलायला-वाचायला शिकतो, माणसांच्या जवळ जाऊ बघतो, प्रत्येक ठिकाणी मार खातो. मग ज्याने जन्माला घातलं त्याच्याच माणसांचे जीव घेत सुटतो. शेवटी दोघं एकमेकांच्या मागे उत्तरेकडच्या बर्फात. मेरी शेलीने १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी हे लिहायला घेतलं तेव्हा ती १८ वर्षांची होती. १८१८मध्ये पुस्तक निघालं ते लेखिकेच्या नावाशिवाय.

आता पत्रं.

टी.वाय.ला ही कादंबरी नेमलीय. परीक्षेआधी सगळी वाचून होईल असं वाटत नाही. कादंबरीला धरून असलेला एकच सिनेमा सांगा. — विद्यार्थिनी, शहादा

अगं, सिनेमा बघून पेपर लिहिलेला तपासणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळतो. मी तपासलेत असे पेपर. “डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन” लिहिलंस, “कुबड्या नोकर इगॉर” लिहिलंस, “आकाशात वीज कडाडली आणि राक्षस जिवंत झाला” लिहिलंस, की समजायचं, पोरीने पुस्तक उघडलेलं नाही. पुस्तकात व्हिक्टर विद्यार्थी आहे, डॉक्टर नव्हे. नोकर नाहीच, सगळं तो एकट्याने करतो. आणि जीव येतो तो नोव्हेंबरच्या एका रटाळ रात्री, बाहेर पाऊस खिडकीवर टपटपतोय, मेणबत्ती विझत आलीय. वीज वगैरे काही नाही. नेमकं काय केलं हे व्हिक्टर मुद्दामच सांगत नाही, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून.

घटना मोजायच्या तर केनेथ ब्रानाचा १९९४चा सिनेमा पुस्तकाच्या बराच जवळ आहे. जहाज, बर्फ, तिथे व्हिक्टरची कथा ऐकून घेणारा कॅप्टन वॉल्टन, फाशी जाणारी मोलकरीण जस्टिन, सगळं आहे. तरी तो बघताना पुस्तक वाचल्याचं समाधान मिळत नाही, कारण ब्रानाला स्वतःलाच व्हिक्टर व्हायचं होतं आणि कॅमेरा सारखा त्याच्याभोवती गरगर फिरतो. शिवाय लग्नाच्या रात्री मेलेल्या बायकोला, एलिझाबेथला, व्हिक्टर पुन्हा जोडून उभी करतो, ते पुस्तकात अजिबात नाही. देल तोरोने उलट केलं. घटना खूप बदलल्या, काळ १८५७पर्यंत पुढे आणला, एलिझाबेथ धाकट्या भावाची वाग्दत्त वधू केली, पण सिनेमाचे सरळ दोन भाग पाडले. आधी व्हिक्टरची बाजू, मग त्या जिवाची. पुस्तकाचा आत्मा तिथे आहे. पुस्तकात वॉल्टनच्या पत्रात व्हिक्टरची कैफियत आणि त्या कैफियतीच्या पोटात त्या जिवाची स्वतःची कैफियत, असे थर आहेत. मधोमध तो स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि फार सुंदर बोलतो.

माझी एक सोपी फूटपट्टी आहे. फ्रँकेन्स्टाइनवरचा कुठलाही पिच्चर लावला, की मी आंधळ्या म्हाताऱ्याचा सीन शोधते.

पुस्तकात तो असा आहे. जंगलात द लासी नावाचं गरीब कुटुंब राहतं: आंधळे वडील, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. त्यांच्या घराला लागून एक पडवीसारखी खोपटी आहे, तिच्यात हा लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून त्यांना बघतो. रात्री त्यांच्यासाठी लाकडं तोडून ठेवतो. फेलिक्स एका परदेशी मुलीला भाषा शिकवतो, तिच्याबरोबर पलीकडे हाही शिकतो. रानात एक चामडी पेटी सापडते. तीत मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’, प्लुटार्कची चरित्रं आणि ग्योथेची ‘वेर्थर’. महिनोन् महिने तयारी करून, घरात म्हातारा एकटा आहे असं बघून तो दार वाजवतो. म्हातारा म्हणतो, ये, बस. म्हाताऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त बोलणं ऐकू येतं, म्हणून पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी माणसासारखं बोलतं. काही मिनिटं. मग पोरं परत येतात, अगाथा बेशुद्ध पडते, फेलिक्स काठी घेऊन तुटून पडतो. आठ फूट उंचीचा तो जीव फेलिक्सला चिरडू शकला असता. तो हात उचलत नाही.

याच सीनचं कुणी काय केलं ते बघ. १९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये जेम्स व्हेलने म्हाताऱ्याला एकटा संन्यासी केलं. तो व्हायोलिनवर शूबर्टचं ‘आवे मारिया’ वाजवतोय, सूर ऐकून हा झोपडीपाशी येतो. म्हातारा त्याला सूप देतो, झोपवतो, आणि मला सोबती दिलास म्हणून देवाचे आभार मानून रडतो. त्या जिवाच्या गालावरूनही एक अश्रू ओघळतो. पुढे शिकवणी चालते: पाव, दारू, मित्र, चांगलं. विडीकाडीही चालते. मग बंदूकवाले दोघे येतात आणि झोपडी पेटते. १९५७च्या ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हॅमर कंपनीने काय केलं? तिथेही जंगलात आंधळा म्हातारा भेटतो. सुटलेला जीव त्याला मारून टाकतो. संपलं. म्हणजे या सिनेमाला त्याच्याशी बोलण्यात रसच नाही हे तेवढ्यावरून कळतं. १९७४मध्ये मेल ब्रूक्सने ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मध्ये याचीच टर उडवली. तिथे म्हातारा झालाय जीन हॅकमन, तो प्रेमाने गरम सूप त्याच्या मांडीवर ओततो आणि चिरूट समजून त्याचा अंगठा पेटवतो. १९९४मध्ये म्हातारा पुस्तकातल्यासारखा कुटुंबात बसलेला आहे. आणि २०२५मध्ये तो हिवाळ्यात घरी एकटा उरतो, दोघं एकमेकांना पुस्तकं वाचून दाखवतात, आणि लांडगे म्हाताऱ्यावर तुटून पडल्यावर दोष याच्यावर येतो.

आमच्याकडे भाकरी करायला मावशी येतात. तो सीन चालू होता तेव्हा त्या पीठ लागलेल्या हातांनी दारात उभ्या राहिल्या. संवादातलं अक्षर कळत नव्हतं. लांडगे आल्यावर एकदम म्हणाल्या, “माय वं! म्हातारा मरी गया का?” त्यांना त्या आठ फुटी धिप्पाड माणसाची भीती वाटली नाही हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तेवढ्या वेळात तो त्यांच्या ओळखीचा झाला होता.

तर एकच सिनेमा बघायचा असेल तर २०२५चा बघ. पण पेपरसाठी पुस्तकाची निदान मधली प्रकरणं वाचच, त्या जिवाची कैफियत आहे ती. प्रश्न हमखास तिथूनच येतो.

तुम्ही म्हणता बोलणारा राक्षस खरा. मला १९३१चा मुका बोरिस कार्लोफ कितीतरी जास्त भिडला. शब्द आले की तो सामान्य माणूस होतो. — एक निवृत्त बँक कर्मचारी, चोपडा

भाऊ, या भांडणात तुमच्या बाजूने स्वतः कार्लोफ, म्हणजे जेम्स व्हेलच्या १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हा जीव झालेला नट, उभा आहे. १९३५च्या सिनेमात त्याला बोलायला लावलं ते त्याला पटलं नव्हतं. हा जीव बोलत नाही यातच त्याची ओढ आहे असं त्याचं म्हणणं होतं.

आणि मुकेपणाची परंपरा कार्लोफच्याही फार आधीची आहे. पुस्तक निघाल्यावर पाच वर्षांत, १८२३मध्ये, लंडनच्या रंगभूमीवर रिचर्ड ब्रिन्सली पीकचं नाटक आलं. त्यात टी. पी. कुक नावाच्या नटाने हे पात्र एक शब्द न बोलता केलं. जाहिरातीत पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. मेरी शेली स्वतः बघायला गेली आणि ती रेघ तिला आवडली. १९३१च्या सिनेमाच्या सुरुवातीला नटांच्या यादीत कार्लोफच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, ते याच घराण्यातलं. फ्रिट्झ नावाचा नोकरसुद्धा त्या नाटकातून चालत आलाय. इगॉर आणखी पुढचा. १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये बेला लुगोसीने केलेला.

तेव्हा मुका असणं हे कमी असणं आहे असं मी म्हणत नाही. १९३१च्या त्या सिनेमात एक जागा आहे, ती मी कितीही वेळा बघू शकते. तो नुकताच चालायला लागलाय. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलाय. फ्रँकेन्स्टाइन दोरी ओढून छतावरची झडप उघडतो आणि वरून उजेड पडतो. तो मान वर करतो, उठतो, आणि दोन्ही हात उजेडाकडे नेतो. पकडायला. बोटं हळूहळू उघडतात. मग झडप बंद होते. तो हात तसेच पुढे धरून फ्रँकेन्स्टाइनकडे बघतो, काहीतरी मागत असल्यासारखा. कार्लोफच्या पापण्यांवर मेण चढवलेलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. म्हणजे चेहऱ्याचं जवळपास सगळं भांडवल मेकअपवाल्याने काढून घेतलेलं, आणि या माणसाने मनगटावर सगळा सीन उचलला. संवाद असता तर वाया गेला असता. इथे मी तुमच्याबरोबर आहे.

पण तळ्याकाठच्या सीनचं काय?

मारिया नावाची चिमुरडी तळ्याकाठी खेळतेय. त्याला बघून घाबरत नाही. हात धरून नेते, फुलं देते. फुलं पाण्यात टाकायची, ती होडीसारखी तरंगतात. तो हसतो, सगळ्या सिनेमात पहिल्यांदा. हातातली फुलं संपतात. रिकाम्या हातांकडे बघतो, मग पोरीकडे बघतो, आणि तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते. तो गोंधळून काठावर बसतो, पाणी चाचपतो, मग धडपडत पळतो.

हा तुकडा त्या काळी सेन्सॉरच्या कात्रीखाली गेला. प्रिंटमध्ये त्याचे हात पोरीकडे जातात तिथेच कट, आणि नंतर एकदम बाप तिचं कलेवर दोन्ही हातांवर घेऊन गावातल्या लग्नाच्या जल्लोषातून चालत येतो. नाच चाललेला असतो, बाप जसा पुढे येतो तसे लोक थांबत जातात. कापल्यामुळे प्रेक्षकाच्या मनात काय आलं असेल याची कल्पना करा. जे दाखवलं असतं तर केविलवाणं वाटलं असतं, ते न दाखवल्याने भलतंच ओंगळ झालं. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. तुम्ही बघितलेली प्रत कोणती ते एकदा तपासा.

आम्ही कॉलेजात व्हीसीआर भाड्याने आणून हॉलमध्ये हा सिनेमा मुलांना दाखवायचो. खिडक्यांना चादरी लावून. एकदा या सीननंतर सगळी गप्प असताना तापीकाठच्या एका गावचा मुलगा म्हणाला, “मॅडम, त्याला वाटलं पोरगीपण तरंगेल.” त्यावर माझं व्याख्यान मी त्या दिवशी दिलं नाही, गरज नव्हती.

आता पुस्तकात याच जागी काय आहे ते ऐका. तो रानातून जात असताना एक मुलगी धावताना पाय घसरून वेगाच्या प्रवाहात पडते. तो उडी घेऊन तिला बाहेर काढतो, शुद्धीवर आणायची खटपट करतो. तेवढ्यात तिच्याबरोबरचा माणूस येतो, मुलीला हिसकावून घेतो आणि याच्यावर गोळी झाडतो. खांदा फुटतो. वाचवल्याबद्दलचं बक्षीस. सिनेमाने पाणी ठेवलं, मुलगी ठेवली, आणि वाचवणाऱ्याचा बुडवणारा केला. त्याला अजाण ठेवलं, ही कृपा. पण पुस्तकातला हा माणूस अजाण नाही. त्याला काय झालं ते नीट कळतं, आणि पुढे तो जे खून करतो ते कळून-सवरून करतो. मुका जीव आपल्याला कणव आणतो. बोलणारा आपल्याला अडचणीत आणतो, कारण त्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावं लागतं. कार्लोफसाठी मी रडले आहे. पुस्तकातल्या त्याच्याशी मी भांडत आले आहे, आणि अजून जिंकलेले नाही. भाऊ, तुम्हाला भिडणं पुरत असेल तर कार्लोफ घ्या. मला भांडण लागतं.

बोरिस कार्लोफ भारतीय होता असं कुणी तरी सांगितलं. खरं का? — वाचक, जळगाव

नाही. पण अगदीच हवेतली गोष्टही नाही. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७, लंडनचा. घराण्याचे धागे मात्र हिंदुस्थानात गुंतलेले. वडील इथल्या मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. आजीची बहीण म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी ती प्रसिद्ध बाई. तिचा जन्म १८३१चा, आपल्या शेजारच्या अहमदनगरचा. हॉलिवुडच्या राक्षसाच्या आजीची बहीण नगरची, एवढं शेवभाजीच्या पंगतीत सांगायला हरकत नाही.

त्या चपट्या डोक्याबद्दल दोघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. ते जॅक पीअर्सचं काम. त्याचा विचार असा, की मेंदू आत बसवायचा तर कवटी डब्याच्या झाकणासारखी वरून कापावी लागेल, म्हणून माथा सपाट. गळ्याचे खिळे म्हणजे वीज घालायची टोकं. गाल आत गेलेले दिसावेत म्हणून कार्लोफने तोंडातले खोटे दात काढून ठेवले होते. पुस्तकात यातलं काही नाही. तिथे लांब काळे केस, मोत्यासारखे दात, काळे ओठ आणि खालचं सगळं दिसेल अशी पिवळट ताणलेली कातडी. अवयव सुंदर निवडले, जोडल्यावर भयंकर झाले.

मशाली घेऊन राक्षसामागे लागलेलं गाव मूळ कथेत आहे का? आमच्या भागातल्या माणसाला तो सीन बघवत नाही. — शिक्षक, साक्री तालुका

का बघवत नाही ते कळलं, सर.

बाकीच्या वाचकांसाठी: १ जुलै २०१८ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. परक्या चेहऱ्यांचं ऐकून घ्यायला गर्दीला वेळ नव्हता.

मशालीचं गाव पुस्तकात नाही. तो १९३१च्या सिनेमाचा शोध. रात्रीचा डोंगर, कुत्री, जळती मशाल घेतलेले शेकडो हात, आणि शेवटी पवनचक्कीत कोंडून जाळणं. त्यानंतर ही गर्दी प्रत्येक नकलेत आली. व्हेलचं मोठेपण हे, की तो आपल्याला गर्दीबरोबर पळवतो आणि पवनचक्की पेटल्यावर आतल्या माणसाचा चेहरा दाखवतो. किंचाळणारा. तिथे आपण कुणाच्या बाजूला उभे होतो हे ज्याचं त्याला कळतं. आणि खेळ संपवायला त्या गर्दीकडे कारणही आहे, मारिया खरंच मेलीय. यामुळे तो सीन सोपा राहत नाही.

पुस्तकात गाव आहे, पण वेगळं. सुरुवातीच्या भटकंतीत तो भुकेने एका गावात शिरतो, एका घरात पाय ठेवतो. पोरं किंचाळतात, एक बाई बेशुद्ध पडते, लोक दगडं घेऊन मागे लागतात. तोपर्यंत त्याने कुणाचं काही केलेलं नाही. त्या दगडांनंतर तो द लासींच्या खोपटीत लपतो.

आणि एक गोष्ट सिनेमावाले बहुतेक वेळा घाईत उरकतात. पुस्तकात निरपराध माणसाचा जीव घेते ती गर्दी नाही, कोर्ट घेतं. व्हिक्टरचा लहान भाऊ विल्यम मारला जातो, मोलकरीण जस्टिनच्या खिशात त्याचं लॉकेट सापडतं, धर्मगुरू तिच्याकडून दमदाटीने कबुली काढून घेतो, आणि ती फाशी जाते. सगळं कायद्याने. व्हिक्टरला खरं काय ते माहीत असतं, तो बोलत नाही. कोण विश्वास ठेवणार, म्हणतो. मला त्याचा राग येतो तो इथे, प्रयोगाबद्दल नाही. १९९४च्या सिनेमात जस्टिनलाही जमाव फरफटत नेतो. ब्रानाने कोर्टाची गर्दी केली, म्हणजे पुस्तकातली जास्त भीतिदायक गोष्ट सोपी करून टाकली.

ही सरळसरळ भस्मासुराची गोष्ट आहे. आपल्याकडे हजारो वर्षं आहे. मग गोऱ्यांचं कौतुक कशाला? — वाचक, अमळनेर

भस्मासुराने तप केलं, वर मागितला, आणि मिळाल्यावर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. या बिचाऱ्याने काय मागितलं होतं? पुस्तकाच्या पहिल्या पानावर मिल्टनच्या ओळी आहेत, त्यात आदम देवाला विचारतो, की मला मातीतून माणूस घडव असं मी तुला सांगितलं होतं का. भस्मासुराला हा प्रश्न विचारायचं तोंड नाही. कर्णाची आठवण काढली असतीत तर बसून बोललो असतो. जन्म देणाऱ्याने टाकलेला, त्याचं सगळं पुढचं त्यातून आलेलं.

आणि मागणी त्याने नंतर केली तीही ऐका: माझ्यासारखीच एक बाई करून दे, आम्ही दोघं दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाऊ, माणसांना पुन्हा दिसणार नाही. व्हिक्टर कबूल करतो, ऑर्कनी बेटांवर जाऊन काम सुरू करतो, आणि ती अर्धी झाल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो. १९३५च्या सिनेमात ती नवरी पूर्ण होते, एल्सा लँचेस्टर. सुरुवातीला मेरी शेली झालेली नटीही तीच आहे. आणि नवरी त्याला बघून किंचाळते. दोन्ही शेवट निर्दय, पण दुसऱ्यातली निर्दयता जास्त आतली आहे.

हॅमरच्या १९५७च्या रंगीत सिनेमाबद्दल तुम्ही फार तुच्छतेने बोलता असं वाटतं. — सिनेमाप्रेमी, धुळे

तुच्छता नाही. तो दुसऱ्याच माणसाचा सिनेमा आहे. १९३१चा सिनेमा काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीचा तो चपट्या डोक्याचा चेहरा वापरायची मुभा नव्हती, म्हणून तो जीव झालेला क्रिस्टोफर ली लगदा झालेल्या चेहऱ्याने फिरतो, आणि त्याला करण्यासारखं फारसं नाही. सगळा खेळ पीटर कुशिंगचा. त्याचा व्हिक्टर स्वच्छ, सभ्य, कपड्यांना सुरकुती नसलेला. चांगल्या मेंदूसाठी एका वृद्ध प्राध्यापकाला जिन्यावरून ढकलतो. राक्षस कोण हा प्रश्न तिथे पहिल्या अर्ध्या तासातच सुटतो. म्हणून तर आंधळा म्हातारा तिथे उगाच मरतो, त्या बाजूला कुणाचं लक्षच नाही. कुशिंगसाठी जरूर बघा.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला यातला कोणता दाखवू? त्याला भुताच्या गोष्टी फार आवडतात. — गृहिणी, पारोळा

आधी १९१०चा दाखवा, एडिसनच्या कंपनीचा. ‘राजा हरिश्चंद्र’च्याही तीन वर्षं आधीचा, मुका, पाव तासाच्या आत संपतो. त्यात तो जीव एका मोठ्या कढईतून तयार होतो. पुतळा जाळून, ते चित्रीकरण उलटं चालवून केलेली करामत आहे, म्हणून हाडांवर मांस चढत जाताना दिसतं. मुलाला विचारा, कसं केलं असेल. शेवटी तो जीव आरशात स्वतःला बघून नाहीसा होतो, आणि मग फ्रँकेन्स्टाइन आरशासमोर येतो तेव्हा आरशात आधी तो जीवच दिसतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दुरुस्त केलेली प्रत इंटरनेटवर फुकट मिळते.

मग १९३१चा, पण दिवसा, आणि तळ्याच्या सीनला तुम्ही शेजारी हव्यात. तो प्रश्न विचारणारच. ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ला विनोदी म्हणून फसू नका, बरेच विनोद मोठ्यांचे आहेत. १९९४ आणि २०२५ आत्ता नको, दोन्हींत फाडलेली शरीरं फार जवळून दाखवलीत.

भुसावळच्या ज्या वाचकांनी ‘ड्रॅक्युला’च्या सिनेमांबद्दल पाच पानी पत्र पाठवलंय, त्यांचं पुढच्या अंकात घेते. लांबलचक आहे आणि माझं त्यातल्या निम्म्याशी जमत नाही.